चिकपेटेतील बाहुल्या

बंगळूरच्या जुन्या बाजारभागात चिकपेट नावाचा एक रस्ता आहे. महाराष्ट्रातून तिकडे जाणारे पाहुणे त्याला बहुधा रेशमी लुगड्यांसाठी ओळखतात. दुकानदार गादीवर बसून घडीमागून घडी उलगडतो, आणि घरी परतल्यावर ‘हे चिकपेटेतले’ असे आपण कौतुकाने सांगतो. कानडीत ‘चिक्क’ म्हणजे लहान आणि ‘दोड्ड’ म्हणजे मोठे. तेव्हा चिक्कपेटे म्हणजे धाकटी पेठ. तिला छेदून दक्षिणोत्तर जाणारी जी थोरली पेठ, दोड्डपेटे, तिला आज अव्हेन्यू रोड म्हणतात. या दोन रस्त्यांच्या भोवती लहानलहान पेठांचे जाळे आहे, आणि प्रत्येकीच्या नावात तिचा धंदा सांगितलेला आहे. अक्कीपेटे ही तांदळाची, अरळेपेटे कापसाची, बळेपेटे बांगड्यांची, कुंभारपेटे कुंभारांची, गाणिगरपेटे तेल्यांची. मोठ्या माणसांच्या बहुतेक उद्योगांना या नगररचनेत जागा मिळाली आहे. मुलांच्या नावाची पेठ मात्र तीत नाही.

श्रोतेहो, आज मला बोलावयाचे आहे ते मुलांविषयी, त्यांच्या खेळण्यांविषयी, आणि ती खेळणी जपून ठेवण्याच्या जागेविषयी. बाळपणाचे संग्रहालय असा शब्द उच्चारला की तो आपल्याला परका वाटतो. वस्तुतः त्याची कल्पना आपल्या घरातच आहे, आणि चिकपेटेच्या परिसरात ती दरवर्षी दहा दिवस डोळ्यांनी पाहता येते. पण तिथवर जाण्यापूर्वी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. कारण मराठी माणसाचे या पेठेशी नाते केवळ गिऱ्हाइकाचे नाही.

केंपेगौडा यांनी १५३७ साली मातीचा कोट बांधून हे नगर वसविले. नगराच्या मध्यावरच्या चौकातून चार दिशांना चार नांगर धरले, आणि त्यांच्या तासांवर पेठेचे मुख्य रस्ते आखले गेले, अशी आख्यायिका आहे. पुढे शंभर वर्षांनी, १६३८ साली, विजापूरच्या फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली हे ठाणे घेतले. त्या मोहिमेत शहाजीराजे भोसले होते, आणि बंगळूरची जहागीर त्यांच्याकडे आली. त्यांचा वाडा, ज्याला गौरीमहाल म्हणत, आजच्या चिकपेटेच्या आसपास होता असे सांगतात. या दरबारात अनेक भाषांचे कवी आणि पंडित जमले होते, आणि जयराम पिंड्ये या कवीने आपल्या चंपूकाव्यात त्यांचे वर्णन करून ठेवले आहे. १६८७ साली मोगलांनी बंगळूर घेतले व लगेच ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना विकले, तोवर सुमारे अर्धशतक हे नगर भोसल्यांचे होते. मल्लेश्वरम् भागातील काडुमल्लेश्वराच्या देवळाजवळ एकोजीराजांच्या दानाचा १६६९ सालचा शिलालेख आजही उभा आहे.

सन १६४० च्या सुमारास जिजाबाई आपल्या धाकट्या मुलाला घेऊन बंगळूरला आल्या आणि दोनएक वर्षांनी पुण्यास परतल्या. तो मुलगा म्हणजे शिवराय. त्यांचे वय तेव्हा दहा ते बारा वर्षांचे होते. थोरले बंधू संभाजी वडिलांपाशीच असत, आणि सावत्र बंधू एकोजी वयाने शिवरायांच्या जवळपास होते. पुढे ज्यांनी पुणे, बंगळूर आणि तंजावर या तीन ठिकाणांचा इतिहास बदलला, ती भावंडे काही काळ एकाच नगरात वाढत होती. या वयाची मुले एकत्र आली की खेळतात. राजपुत्र झाले म्हणून काय झाले? शहाजीराजांची पत्रे आपल्यापाशी आहेत, शिलालेख आहेत, काव्य आहे. पण त्या मुलांच्या हातातला भोवरा, त्यांची विटी, त्यांचा मातीचा घोडा असे म्हणून दाखविता येईल असे काही माझ्या पाहण्यात आलेले नाही.

याचे नवल वाटावयास नको. तलवार वापरून झाली तरी ती पुढच्या पिढीसाठी उरते. खेळणे वापरले की संपते. ते लाकडाचे असले तर मोडते, मातीचे असले तर फुटते, चिंध्यांचे असले तर विरते. मूल मोठे झाले की ते माळ्यावर जाते, आणि माळा झाडताना उकिरड्यावर जाते. शिवाय लिहिणाऱ्यांना ते लिहिण्याजोगे वाटत नाही. बखरकारांनी लढाईत पडलेल्या घोड्यांची गणती दिली. लाकडी घोड्यांची गणती कोण ठेवणार?

तथापि इतिहास केवळ कागदात असतो असे नाही. महाराष्ट्रातील मुले विटीदांडू खेळताना अंतर मोजीत ते वकट, लेंड, मूंड, नाल अशा शब्दांनी. लहानपणी आपण हे शब्द निरर्थक समजूनच म्हटले असतील. पण तेलुगूत एक, दोन, तीन, चार या आकड्यांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात; कानडीतही तीन म्हणजे मूरु आणि चार म्हणजे नाल्कु. दक्षिणेशी असलेल्या आपल्या जुन्या शेजाराची नोंद मुलांच्या तोंडी अशी शिल्लक राहिली, आणि ती त्यांनी अर्थ न कळता सांभाळली. चिकपेटेतील मूल विटीदांडूला चिन्निदांडू म्हणेल. पण लगोरीला मात्र कानडीतही लगोरीच म्हणतात. कोणी कोणाकडून काय घेतले याचा निवाडा पंडितांनी करावा. देवाणघेवाण झाली एवढे मुलांच्या खेळावरून उघड दिसते.

खेळण्यांचे मोल आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असेही म्हणता येत नाही. सिंधू खोऱ्यातील हडप्पा आणि मोहेंजोदडो येथील उत्खननात भाजक्या मातीच्या लहान गाड्या, शिट्ट्या आणि मान हलविणारे बैल मिळाले, आणि चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे मूल एकाएकी आपल्या ओळखीचे झाले. संस्कृत रंगभूमीवर तर एका संपूर्ण नाटकाला खेळण्याचे नाव मिळाले आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चे मराठी रूप गोविंद बल्लाळ देवल यांनी रंगभूमीवर आणले, म्हणून हे नाव आपल्याला परिचयाचे आहे. मृच्छकटिक म्हणजे मातीची गाडी. चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून रडतो. घरच्या दारिद्र्यामुळे दासीने त्याला मातीची गाडी करून दिलेली असते. वसंतसेना आपले दागिने काढून त्या गाडीत भरते, आणि पुढे तेच दागिने चारुदत्ताच्या जिवावर बेततात. नाटकात राज्यक्रांती आहे, खुनाचा आरोप आहे, वधस्तंभ आहे. पण कवीने नाव दिले ते मुलाच्या गाडीचे. हे सहज घडले असेल असे मला वाटत नाही.

जगात बाळपणाला वाहिलेले पहिले संग्रहालय म्हणून स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराचे नाव घेतले जाते. पॅट्रिक मरे या नगरपित्याच्या खटपटीने ते १९५५ साली उघडले. हे संग्रहालय मुलांविषयी आहे, मुलांसाठी नव्हे, असे मरे विनोदाने म्हणत. मुले मात्र त्यांचे न ऐकता तेथे गर्दी करीत राहिली. लंडनच्या बेथनल ग्रीन भागातील जुने संग्रहालय १९७४ साली बाळपणाचे संग्रहालय झाले, आणि २०२३ साली ते नव्या नावाने, मुलांना हात लावून पाहता येईल अशा रीतीने पुन्हा उघडले. आपल्या देशात व्यंगचित्रकार शंकर यांनी दिल्लीत १९६५ साली बाहुल्यांचे संग्रहालय स्थापन केले. देशोदेशींच्या बाहुल्या आपापल्या पोशाखात तेथे एकत्र नांदतात.

पण मराठी माणसाला याहून जवळचे उदाहरण पुण्यात आहे. दिनकर गंगाधर केळकर यांचा व्यवसाय चष्म्यांचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा नाद लागला, आणि पुढची सत्तर वर्षे तो सुटला नाही. त्यांनी गोळा केले काय? दिवे, अडकित्ते, दौती, वजऱ्या, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकघरातील भांडी, वाद्ये, सोंगट्या, गंजिफा, बाहुल्या. सामान्य घरातील माणसाने रोज हाताळलेल्या या वस्तू आहेत, आणि रोज हाताळल्या म्हणूनच त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नव्हते. या कामी त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. संग्रह वीस हजार वस्तूंच्या घरात गेला. १९७५ साली त्यांनी तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आपले नाव या संग्रहाला द्यावे असे कोणालाही वाटले असते. त्यांनी मात्र नाव दिले ते राजाचे. राजा हा त्यांचा मुलगा. तो वयाच्या सातव्या वर्षी गेला.

राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहणाऱ्यांपैकी कितीकांना हे नाव एखाद्या संस्थानिकाचे वाटते. ते एका लहान मुलाचे नाव आहे, हे कळल्यानंतर ती दालने पुन्हा एकदा पाहावीत. तेथल्या भातुकलीच्या भांड्यांपाशी आणि बाहुल्यांपाशी आपली पावले अधिक वेळ थांबतात.

आता चिकपेटेकडे येऊ. दसरा जवळ आला की या भागातील दुकानांतून बाहुल्या मांडलेल्या दिसू लागतात. नवरात्रात म्हैसूरकडील आणि बंगळूरकडील घराघरांतून ‘गोंबे हब्ब’, म्हणजे बाहुल्यांचा सण, साजरा होतो. तीन, पाच, सात, नऊ अशा विषम संख्येच्या पायऱ्या रचून त्यांवर पांढरे कापड अंथरतात. सर्वांत वरच्या पायरीवर ‘पट्टद गोंबे’ असतात. ही राजा आणि राणी यांची लाकडी जोडी मुलीला लग्नात माहेराहून देतात, आणि ती वर्षानुवर्षे नव्या वस्त्रांनी नटविली जाते. खाली देवदेवता, मग पुराणातले प्रसंग, त्याखाली लग्नाची मिरवणूक, वाण्याचे दुकान. वाणी आणि वाणीण ही जोडी तुंदिलतनू असलीच पाहिजे, आणि तिच्यापुढे खऱ्या धान्याच्या लहान राशी असल्याच पाहिजेत. जमिनीवरची जागा मुलांची असते. तेथे मोहरी पेरून शेत उगवतात, आरशाचा तलाव होतो, आणि गाव, बाग, किल्ला, आगगाडी असे ज्याला जे सुचेल ते उभे राहते.

कानडीत बाहुल्या ‘मांडल्या’ असे म्हणत नाहीत, ‘बसविल्या’ असे म्हणतात. संध्याकाळी मुले घरोघर जाऊन विचारतात, ‘तुमच्याकडे बाहुल्या बसविल्या आहेत काय?’ बसविल्या असतील तर पाहावयाच्या, एखादे गाणे म्हणावयाचे आणि हातावर पडेल तो खाऊ घेऊन पुढच्या घरी जावयाचे. या खाऊलाही ‘बोंबे बागिन’ असे नाव आहे. दरवर्षी निदान एक तरी नवी बाहुली आणावी असा रिवाज आहे. शेवटच्या रात्री एखाद्या जोडीला आडवे करून निजवितात, आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या बाहुल्या जुन्या मऊ धोतरांच्या तुकड्यांत गुंडाळून पेटीत जातात.

मराठी घरांना हे अगदीच नवे नाही. चैत्रगौरीपुढे पायऱ्यांची आरास करून तीत घरातली सारी खेळणी मांडण्याची चाल आपल्याकडे आहेच. आंब्याची डाळ आणि पन्हे घेता घेता आपण ती पाहिलेली असते. दिवाळीत अंगणात किल्ला करणारे मूल तर महाराष्ट्राच्या प्रत्येक आळीत भेटते. दगड, माती आणि पोत्याचा तुकडा यांवर हळीव पेरून ते डोंगर हिरवा करते, आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवराय ठेवते. चिकपेटेच्या वाड्यात ज्या मुलाने आपले दहावे-अकरावे वर्ष घालविले, त्याचे खेळणे आपल्याला सापडले नाही. पण तो स्वतः मातीच्या मूर्तीच्या रूपाने लक्षावधी मुलांच्या खेळात आला आहे. असे भाग्य फार थोड्या राजांना लाभले असेल.

बंगळूरच्या पेटेत मराठी मुळाची माणसे पिढ्यानुपिढ्या राहत आली आहेत. भावसार, नामदेव शिंपी, रंगारी अशा ज्ञातींनी कापड रंगविले, छापले, शिवले. विठ्ठलाची देवळे बांधली. घरात मराठी आणि दारात कानडी अशी दुहेरी भाषा सांभाळली. त्यांची मराठी पुण्याच्या माणसाला थोडी चमत्कारिक वाटते, कारण तिचा हेल कानडी आहे आणि तिच्यातले काही शब्द आपण केव्हाच टाकून दिलेले आहेत. या घरांतून नवरात्रात घटही बसतो आणि बाहुल्याही बसतात.

माझे आजोळ अशाच एका घरी. आजोबांचे शिवणकाम होते. आजीच्या पेटीत चन्नपट्टणची लाकडी खेळणी होती, पितळेची भातुकली होती, मातीचे वाणी-वाणीण होते. आणि एक चिंध्यांची बाहुली होती. आजोबांनी बेतल्यावर उरलेल्या तुकड्यांची ती केलेली. तिच्या परकराला जरीचा काठ होता, आणि एक डोळा कोटाच्या गुंडीचा होता. दुसरा निघून गेलेला. तिला सर्वजण ठकी म्हणत, खरे तर ठकी लाकडाची असते. इतक्या सुबक बाहुल्यांत हे ध्यान कशासाठी, असे मी एकदा मावशीला विचारले. तेव्हा कळले की आजीची पहिली मुलगी लहानपणीच गेली होती, आणि ती बाहुली तिची. आजीने तिच्याविषयी कधी चकार शब्द काढला नाही. दरवर्षी सर्वांत खालच्या पायरीच्या कोपऱ्यात ती त्या बाहुलीला बसवी, एवढेच.

पुढे घर विकावयाचे ठरले. पेटेतील पुष्कळ जुन्या घरांचे जे झाले तेच त्याचे झाले. खालच्या मजल्यावर दुकान होते, वर गुदाम झाले. पेटी उघडून वाटणी झाली. राजाराणीची जोडी एकीकडे गेली, पितळेची भातुकली दुसरीकडे. मातीच्या बाहुल्यांचे टवके उडाले होते, त्या कोणालाच नको होत्या. ठकी मी आणली. ती आज माझ्या कपाटात आहे. मी आहे तोवर ती एका मुलीची बाहुली आहे; माझ्यानंतर ती एक चिंधी होईल. मी मावशीला विचारले नसते, तर ती आजच चिंधी झाली असती.

श्रोतेहो, मला वाटते, या एका गोष्टीत बाळपणाच्या संग्रहालयाची गरज सामावलेली आहे. वस्तू जपणे हे त्याचे अर्धेच काम. ती कोणाची, कोणी केली, कशी खेळली, हे ज्यांना माहीत आहे अशी माणसे हयात आहेत तोवर त्यांना विचारून लिहून ठेवणे, हे उरलेले अर्धे. नाण्यावर राजाचे नाव असते, ताम्रपटावर दात्याचे असते. खेळण्यावर कोणाचेच नाव नसते. घर मोडले की त्याची ओळख पुसली जाते, आणि मोठ्या शहरांच्या जुन्या पेठांतून घरे भराभर मोडत आहेत. चिकपेटेच्या खालून २०१७ साली मेट्रो धावू लागली. माणसे आता काही मिनिटांत पेठेत येतात आणि खरेदी करून काही मिनिटांत निघून जातात. हे चांगलेच झाले. पण त्या रस्त्यावर राहणाऱ्यांची संख्या घटत चालली, तर बाहुल्या बसविणार कोण?

त्या बाहुल्या करणाऱ्यांचाही प्रश्न आहे. चन्नपट्टण हे गाव बंगळूरहून म्हैसूरच्या वाटेवर सुमारे ६० किलोमीटरांवर आहे. तेथील कारागिरीला टिपू सुलतानाने आश्रय दिला अशी परंपरा आहे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बावस मियाँ या कारागिराने तीत जपानी तंत्राची भर घातली. ज्याला आपण काळा कुडा म्हणतो त्या झाडाचे हलके, पांढरे लाकूड कातावर फिरवितात. ते फिरत असता रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तकाकी आणतात. अणकुचीदार कोपरा कोठेही राहू देत नाहीत, कारण खेळणे प्रथम मुलाच्या तोंडात जाणार हे कारागीर जाणतो. आपल्या सावंतवाडीची चितार आळी याच वाटेवरची. तेथली लाकडी फळे ताटात ठेवली तर पाहुणा हात पुढे करील इतकी हुबेहूब असतात. प्लास्टिकची खेळणी स्वस्त झाली तेव्हा या दोन्ही गावांना झळ लागली. चन्नपट्टणच्या खेळण्यांना आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तथापि कला जगते ती गिऱ्हाइकावर. आणि खेळण्याचे खरे गिऱ्हाईक जे मूल, त्याने ते खेळणे पाहिलेले तर असले पाहिजे!

म्हणून चिकपेटेत, किंवा तिच्या एखाद्या शेजारच्या गल्लीत, जुन्या घराच्या तीन-चार खोल्यांचे एक लहानसे संग्रहालय असावे असे मला सुचवावेसे वाटते. त्याला मोठी इमारत नको. त्यातील फळ्या मुलांच्या उंचीच्या असाव्यात. मोठ्यांनी हवे तर वाकावे. प्रत्येक जुन्या खेळण्याशेजारी त्याची एक नवी प्रतिकृती असावी, आणि ती हातात घेण्यास मुभा असावी. ज्या खेळण्याला शिवता येत नाही ते पाहून मूल हिरमुसते, आणि त्याचा तो हिरमोड रास्तच असतो. एका खोलीत फरशीवरच पट आखून ठेवावेत. कानडी आजी तेथे नातवाला चौकाभारा शिकवील, मराठी आजी चल्लसआठ शिकवील, आणि दोघींना कळेल की आपण जवळजवळ एकच खेळ खेळत आलो. अळगुळीमणे, म्हणजे खळग्यांची पाटी आणि चिंचोके घेऊन खेळावयाचा खेळ, तमिळ शेजारीण पल्लांगुळी म्हणून ओळखील. वस्तूखालच्या पाट्या कानडी, मराठी, तमिळ, तेलुगू, उर्दू अशा पेटेत बोलल्या जाणाऱ्या साऱ्या भाषांत असाव्यात. आणि प्रत्येक पाटीवर त्या खेळण्याशी खेळलेल्या मुलाचे नाव असावे, मग ते मूल आज ऐंशी वर्षांचे का असेना.

इतर संग्रहालयांत वडील माणसे पाटी वाचून मुलांना माहिती देतात. येथे पाटी वाचण्याची गरज आजोबांना पडणार नाही. ‘हे आमच्याकडे होते,’ असे म्हणून ते सांगू लागतील, आणि नातवंडांना प्रथमच उमगेल की आजोबा एके काळी लहान होते. घरोघर ही ओळख करून देण्याचे निमित्त आता कमी झाले आहे. कुटुंबे विखुरली आहेत, आजोळ फोनवर भेटते. एखादी दुपार तीन पिढ्यांनी एका फरशीवर बसून घालवावी, एवढे जरी त्या खोल्यांत साधले तरी संग्रहालयाचे भाडे वसूल झाले असे मी म्हणेन.

कोणी विचारील की एवढ्या मोठ्या शहराच्या अडचणी बाजूला ठेवून बाहुल्यांसाठी पैसा का वेचावा? प्रश्न गैर नाही. पण केळकरांनी पहिला दिवा विकत घेतला तेव्हा त्यांच्यापाशी एका दुकानाची मिळकत होती, आणि गोंबे हब्ब ज्यांनी पिढ्यानुपिढ्या चालविला त्या बायकांपाशी तीही नव्हती. पेट्या होत्या, जुनी धोतरे होती, आणि आपल्या हातातले पुढच्या हातात सुरक्षित पोचविण्याची सवय होती. सुरुवात तेवढ्यावर होते. शाळेच्या एका खोलीत, देवळाच्या ओवरीत, ग्रंथालयाच्या एका कपाटातही होईल. चिकपेटच कशाला, ज्या गावी हे भाषण पोचत असेल त्या गावीही होईल. माळ्यावरची पेटी खाली घ्यावी, घरातल्या सर्वांत वडील माणसाला शेजारी बसवावे, एकेक वस्तू त्यांच्या हातात द्यावी आणि ते जे सांगतील ते तारखेसह वहीत उतरून घ्यावे. फुटकी वस्तू टाकू नये. तीच बहुधा अधिक खेळली गेलेली असते.

आणि दरवर्षी एक नवी बाहुली आणण्याचा रिवाज या संग्रहालयानेही पाळावा. दर दसऱ्याला पेटेतील एका मुलाने आपले आजचे एक खेळणे तेथे आणून बसवावे. ते प्लास्टिकची मोटार असेल, बॅटरीवर बोलणारे अस्वल असेल, किंवा तुटक्या मोबाइलचा खोका असेल. आपल्याला ते आवडेल की नाही हा प्रश्न नाही. त्या मुलाचे त्याने मनोरंजन केले, एवढा अधिकार त्याला पुरे आहे.

असे दालन उघडेल त्या दिवशी माझ्या कपाटातली ठकी मी तेथे नेऊन देणार आहे. आजीने ठेवली होती तशीच, खालच्या पायरीच्या कोपऱ्यात तिला जागा मिळावी. पाटीवर काय लिहावयाचे ते मी वहीत लिहून ठेवले आहे. त्या मुलीचे नाव मला मावशीने सांगितले होते.